चार वॅटांचा आवाज: जुना सीबी रेडिओ तपासताना

या मालिकेत आपण इतिहास बहुतेक वेळा कागदांवरून वाचतो. पत्रं, आज्ञापत्रं, हिशेबाच्या वह्या. आज साधन वेगळं आहे. अमेरिकेत एखाद्या जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डखाली किंवा जुन्या बाजारातल्या खोक्यात एक चपटा, वहीएवढा, धातूचा डबा सापडतो. पुढे दोन-तीन नॉब, आकड्यांची एक चकती, एक छोटा काटा आणि गुंडाळलेल्या वायरीला लटकणारा माइक. हा सीबी रेडिओ. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, नागरिकांसाठी राखलेला लहरींचा पट्टा.

ज्यांनी तो वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुठलीही परीक्षा न देता सामान्य माणसाला गाडीत बसवता यावा असा हा कमी ताकदीचा बिनतारी संच. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. नंबर नाही, एक्स्चेंज नाही, बिल नाही. त्याच चॅनलवर जवळपास जो कोणी असेल तो सगळं ऐकणार. तुम्हाला एकाशीच बोलायचं असलं तरी ऐकणार दहा जण.

असा सेट चालतो का, हे तपासायला बसलेला जाणकार मेकॅनिक एका ठरलेल्या क्रमानं जातो. आधी चकती, मग वायर, मग अँटेना, मग ऐकणं, आणि सगळ्यात शेवटी बोलणं. आपणही आज त्याच वाटेनं जाऊ, कारण या सेटच्या जवळजवळ प्रत्येक भागावर कुठल्या तरी सरकारी निर्णयाचा नाहीतर रस्त्यावरच्या भांडणाचा शिक्का आहे. इतिहासाची पुस्तकं सीबीला बहुधा सत्तरच्या दशकातली एक फॅशन म्हणून दोन ओळींत उरकतात. आम्हाला ते पटत नाही.

पहिली गोष्ट चकतीची. तिच्यावर शेवटचा आकडा कोणता आहे ते बघायचं. 23 असेल तर सेट 1977 च्या आधीच्या नियमांतला, 40 असेल तर त्यानंतरचा. 40 चॅनलना परवानगी मिळाली ती 1 जानेवारी 1977 पासून. तारखेचा एवढा स्वच्छ पुरावा नाण्यांवर किंवा शिलालेखांवर मिळाला तर आपण नाचू.

पण 23 च का? त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला जावं लागतं. युद्धात बिनतारी संच खूप लहान झाले होते आणि ते वापरायला शिकलेले लाखो सैनिक घरी परतत होते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, एक आयुक्त ई. के. जेट यांनी जुलै 1945 मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून हवेतून बोलण्याचं साधन सामान्य नागरिकाच्या हाती कसं येऊ शकेल ते मांडलं. क्लीव्हलँडमध्ये वाढलेले अल ग्रॉस यांनी 1938 मध्येच हातात धरायचा वॉकी-टॉकी बनवला होता. 1948 मध्ये त्यांच्या कंपनीच्या संचाला या नव्या सेवेसाठी पहिली मंजुरी मिळाली. तेव्हाचा नागरिकांचा पट्टा 460 ते 470 मेगाहर्ट्झच्या घरातला होता. इतक्या वरच्या लहरींवर स्वस्त आणि स्थिर सेट बनवणं त्या काळच्या व्हॉल्व्हवाल्या तंत्राला झेपत नव्हतं. योजना कागदावर छान होती, पण सामान्य माणसाच्या खिशापर्यंत पोचली नाही.

तेव्हा सप्टेंबर 1958 मध्ये एफसीसीनं 'क्लास डी' नावाची नवी सोय केली आणि 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, 11 मीटर लांबीच्या लहरींवर, नागरिकांना 23 चॅनल दिले. ही जागा हौशी रेडिओवाल्यांकडून, म्हणजे हॅम मंडळींकडून काढून घेतलेली होती. त्यांना राग आला, तो पुढे कित्येक वर्षं टिकला. पण खरं सांगायचं तर ती जागा काही मोक्याची नव्हती. 27.12 मेगाहर्ट्झ हा औद्योगिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला पट्टा. फिजिओथेरपीत खोल शेक देणारं डायथर्मीचं यंत्र ज्या लहरींवर चालतं, त्या याच. गावाबाहेरचं गायरान म्हणा ना. सरकारनं नागरिकांना जमीन दिली, पण ती उकिरड्याशेजारची.

त्या जमिनीची मोजणी आजही चकतीत दिसते. चॅनल दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत. 3 नंबर 26.985 वर. मग 4 नंबर 26.995 वर हवा, पण तो आहे 27.005 वर. मधली जागा रिमोट कंट्रोलला दिलेली. अशा फटी आणखी आहेत. आपल्याकडेही खेळण्यातल्या रिमोटच्या मोटारींच्या खोक्यावर '27 मेगाहर्ट्झ' असं छापलेलं पुष्कळांनी पाहिलं असेल, ती मोटार या चॅनलांची शेजारीण. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे 23 नंबर. तो 22 च्या लगेच वर नाही, 27.255 वर आहे. मध्ये दोन चॅनल मावतील एवढी जागा रिकामी होती. पुढे 40 चॅनल केले तेव्हा 24 आणि 25 या रिकाम्या जागेत बसवले. त्यामुळे आजही चकती 23 वरून 24 वर फिरवली की लहरींची संख्या वाढायच्या ऐवजी कमी होते. सातबाऱ्यावर मागाहून फेरफार नोंदवावा तसं हे.

भारताचा संबंध इथे येतो म्हणून आताच सांगून टाकतो. आपल्याकडे 2005 मध्ये नियम झाला आणि 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंतच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त झाला. हे आकडे नीट बघा. 27.12 च्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर आहे. म्हणजे हा तोच वैद्यकीय-औद्योगिक पट्टा. अमेरिकन मोजणीतले 1 ते 27 चॅनल त्यात मावतात, 28 पासूनचे बाहेर पडतात. 23 चॅनलचा जुना सेट लहरींच्या हिशेबानं या चौकटीत पूर्ण बसतो, 40 चा बसत नाही. लायसन्स नको याचा अर्थ मात्र वाटेल तो सेट, वाटेल तशी अँटेना असा नाही. उपकरणाच्या अटी आहेत आणि दुसऱ्या कुणाला त्रास झाला तर आपल्याला संरक्षण नाही. आपल्या रस्त्यांवर सीबी रुजला नाही, पण ते वेगळ्या व्याख्यानाचं प्रकरण.

आता वायर. जुन्या सेटच्या मागून लाल आणि काळी अशा दोन वायरी निघतात. लाल बॅटरीच्या अधिकाकडे, काळी उण्याकडे, म्हणजे गाडीच्या बॉडीकडे. सोपं वाटतं, पण काही जुन्या ट्रकमध्ये बॉडीला अधिक टोक जोडलेलं असे. तिथे सेट उलटा जोडला की फ्यूज जातो, आणि फ्यूज कुणी आधीच जाड तारेनं बांधून ठेवला असेल तर सेटच जातो. म्हणून जाणकार माणूस आधी फ्यूज काढून बघतो. चार वॅटांच्या सेटला बोलताना साधारण एक-दोन अँपिअर लागतात, तेव्हा तिथे दोन-तीन अँपिअरचा फ्यूज हवा. दहाचा दिसला तर समजावं, आधीच्या मालकानं दुखणं झाकलंय. गाडीत बसवण्याआधी टेबलावर 13.8 व्होल्ट देऊन बघणं शहाणपणाचं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण तेवढेच व्होल्ट असतात. पन्नास वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कपॅसिटर सुकलेले असू शकतात. आवाज घुमतोय, गुणगुणतोय असं वाटलं की आधी त्यांच्याकडे बघायचं. माइकच्या वायरीचा पिळा तर हमखास आतून तुटलेला असतो, कारण हजारो वेळा ओढलेला भाग तो. आणि दुसऱ्या कंपनीचा माइक नुसता पिना जुळतात म्हणून लावू नये. पिना चारच असल्या तरी त्यांची जोडणी कंपनीगणिक वेगळी.

इथवर सगळं ठीक असेल तरी बोलायचं बटण अजून दाबायचं नाही. अँटेना जोडल्याशिवाय तर मुळीच नाही. अँटेना नसली की सेटनं तयार केलेली ताकद बाहेर जायला वाट मिळत नाही, ती परत फिरते आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जाळते. बाजारात 'चालू आहे' म्हणून विकले जाणारे कितीतरी सेट ऐकतात पण बोलत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे.

लहर 11 मीटरची. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर. गाडीवरची चांगली अँटेना एवढ्या उंचीची हवी. जुन्या छायाचित्रांत मोटारीच्या मागच्या बंपरवर वाऱ्यानं वाकलेली लांबच लांब काठी दिसते, ती हीच. ट्रकवर एवढी उंच काठी पुलाला लागेल. म्हणून आखूड काठीत तारेचं वेटोळं घालून ती विजेच्या दृष्टीनं लांब करतात आणि आरशांच्या दांड्यांवर दोन्ही बाजूंना एकेक लावतात. गाडीची धातूची बॉडी ही अँटेनाची दुसरी अर्धी बाजू असते. तिथला नट गंजलेला, रंगाखाली झाकलेला असेल तर उत्तम सेटही मुका.

मग एसडब्ल्यूआर मीटर लावायचा. सेट आणि अँटेना यांच्या मध्ये तो बसतो आणि किती ताकद परत येतेय ते दाखवतो. पहिल्या चॅनलवर एक मोजमाप, शेवटच्या चॅनलवर दुसरं. दीडच्या आसपास आलं तर उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेलं तर बोलायचं नाही. पहिल्या चॅनलवर जास्त आणि शेवटच्यावर कमी आलं तर अँटेना आखूड आहे, उलट असेल तर लांब आहे. मोजताना गाडी मोकळ्यावर हवी, दारं बंद हवीत, आणि छताखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये हे करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? चार वॅटांसाठी. कायद्यानं बाहेर सोडता येणारी ताकद चार वॅट. घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढी. सपाट रस्त्यावर, गाडीतून गाडीत, पाच ते दहा किलोमीटर. डोंगर आडवा आला तर त्याहून कमी. नियम करणाऱ्यांना हेच हवं होतं. प्लंबरनं दुकानातून आपल्या गाडीशी बोलावं, शेतकऱ्यानं घरून ट्रॅक्टरशी बोलावं, आणि बाकीच्यांना त्रास होऊ नये. सुरुवातीच्या नियमांत तर गप्पा मारायला बंदीच होती. पोस्टानं लायसन्स घ्यायचं, तीन अक्षरं आणि चार आकड्यांचं सांकेतिक नाव बोलताना सांगायचं, दुसऱ्या लायसन्सधारकाशी काही ठरावीक चॅनलवरच बोलायचं, आणि तेही पाच मिनिटांत आटपायचं. 1962 मध्ये स्वयंसेवकांची रिअॅक्ट ही संघटना आली, ती अपघातग्रस्तांच्या हाका ऐकायला बसे. 1970 मध्ये एफसीसीनं चॅनल 9 संकटकाळासाठी राखून ठेवला. पंधरा वर्षं हे असं शिस्तीत, थोडं कंटाळवाणं चाललं होतं.

आणि मग ऑक्टोबर 1973. अरब देशांनी तेल अडवलं. इथून पुढचा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळू.

अमेरिकेत स्वतःच्या मालकीचा एक ट्रक, त्याच्यावर कर्जाचा हप्ता, आणि भाडं मैलावर, अशा हजारो ड्रायव्हरांचा एक वर्ग होता. डिझेल महाग झालं. पंपांवर रांगा लागल्या आणि ठरावीक गॅलनांपेक्षा जास्त मिळेना. भाडं वाढलं नाही. 2 जानेवारी 1974 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली, म्हणजे 88-89 किलोमीटर. मोटारीतून सहलीला जाणाऱ्याला याची झळ नाही. पण मैलावर पोट असलेल्या माणसाचे दिवसाचे मैल कमी झाले की चूल थंडावते. आपल्याकडचे ट्रकमालक-चालक हे फार समजावून न सांगता ओळखतील.

डिसेंबर 1973 च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात ब्लेकस्लीजवळ, आंतरराज्य महामार्ग 80 वर, 'रिव्हर रॅट' या टोपणनावाचा एक ड्रायव्हर डिझेल संपल्यामुळे अडकला. त्यानं सीबीवर आपली व्यथा सांगितली. ऐकणारे थांबत गेले आणि रस्ता ट्रकांनी भरून गेला. ना संघटना, ना पुढारी, ना पत्रक. त्या दिवसांत ठिकठिकाणी असेच रस्ते अडले. फेब्रुवारी 1974 मध्ये स्वतंत्र ट्रकवाल्यांचा मोठा बंद झाला. त्याला काळी बाजूही होती. बंद न पाळणाऱ्यांवर दगडफेक, गोळीबार झाले, जीव गेले, काही राज्यांना नॅशनल गार्ड बोलवावे लागले. या बंदाला नुसतं रोमँटिक रंगवणारे हे सोडून देतात.

बंद मिटला, 55 ची मर्यादा राहिली. मग सीबीचं रोजचं काम सुरू झालं ते पोलिसांचा ठावठिकाणा कळवण्याचं. त्याची रीत समजून घ्या, कारण चार वॅटांचं महत्त्व तिथे आहे. तुम्ही पूर्वेला चाललात. समोरून पश्चिमेला जाणारा ट्रक येतोय. तुमच्या पुढच्या दहा किलोमीटरांत काय आहे हे त्यानं नुकतंच पाहिलेलं. तो सांगतो, तमक्या मैलाच्या दगडाजवळ पोलीस रडार लावून बसलाय. बदल्यात तुम्ही मागे सोडलेला रस्ता तुम्ही त्याला सांगता. दहा किलोमीटर म्हणजे सहा-सात मिनिटं. वेग कमी करायला, थांब्यावर वळायला, अपघात असेल तर वाट बदलायला पुरेशी. समजा सेटचा पल्ला दोनशे किलोमीटर असता, तर कामाच्या एका बातमीमागे दुसऱ्याच रस्त्यांच्या शंभर बातम्या ऐकाव्या लागल्या असत्या. पल्ला तोकडा, म्हणून जे ऐकू येईल ते आपल्या उपयोगाचं. दुकानदार आणि प्लंबर यांच्यासाठी घातलेली मर्यादा ट्रकवाल्यांच्या नेमकी पथ्यावर पडली.

तीन-चार ट्रक एकत्र चालले की कामं वाटलेली असत. सगळ्यात पुढचा तो 'पुढचं दार', त्यानं समोर लक्ष ठेवायचं. शेवटचा 'मागचं दार'. मधल्यांना फारसं काम नाही, म्हणून ती 'झोपाळ्याची खुर्ची'. पोलिसांना 'स्मोकी' म्हणत, कारण राज्य पोलिसांची रुंद काठाची टोपी वनखात्याच्या जाहिरातीतल्या स्मोकी नावाच्या अस्वलासारखी. हेलिकॉप्टरमधला पोलीस हवेतलं अस्वल. 55 ची मर्यादा म्हणजे 'डबल निकल', पाच-पाच सेंटची दोन नाणी. 'टेन-फोर', म्हणजे समजलं, हा शब्द मात्र पोलिसांच्याच बिनतारी भाषेतून उचललेला. ज्यांच्यापासून लपायचं त्यांचीच बोली! ट्रकवाल्यांचा चॅनल पुढे 19 ठरला, तो कायद्यानं नव्हे, वहिवाटीनं.

पोलिसांकडेही सीबी होताच, आणि तेही ऐकत होते. हे ट्रकवाल्यांना माहीत होतं. खासगी असं त्यात काहीच नव्हतं. विश्वास एवढ्यावरच होता की खोटी बातमी देणारा आज ना उद्या स्वतःही कुणाच्या तरी बातमीवर अवलंबून असणार. आणि हा विश्वास सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. आवाजावरून, उच्चारांवरून माणूस ओळखला जाई. कृष्णवर्णीय वापरकर्त्यांना वंशद्वेषी शिवीगाळ ऐकावी लागे, म्हणून त्यांनी आपले वेगळे चॅनल आणि क्लब धरले. रस्त्यावरचा बंधुभाव वगैरे गाण्यांत ठीक आहे.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर, ओमाहातल्या बिल फ्राइज नावाच्या जाहिरातवाल्यानं सी. डब्ल्यू. मॅकॉल या नावानं गायलेलं 'कॉन्व्हॉय' जानेवारी 1976 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1978 मध्ये त्यावर सिनेमाही आला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड सीबीवर 'फर्स्ट मामा' या टोपणनावानं बोलल्या. ज्याला ट्रकशी देणंघेणं नाही अशा माणसांनी मोटारीत सेट बसवले. लायसन्सची फी 20 डॉलर होती, ती 1975 मध्ये 4 झाली, 1977 च्या सुरुवातीला शून्य झाली. अर्जांच्या ढिगाखाली कचेरी दबली, तेव्हा 1976 मध्ये तात्पुरत्या परवान्याची युक्ती निघाली. फॉर्म भरायचा, के या अक्षरापुढे आपली आद्याक्षरं आणि पिनकोड जोडायचा, आणि बोलायला लागायचं. म्हणजे नागरिकानं स्वतःच स्वतःला परवाना द्यायचा! 1977 पर्यंत लायसन्सधारक एक कोटीच्या वर गेले, आणि लायसन्स न घेता बोलणारे वेगळेच. शेवटी 1983 मध्ये सरकारनं वैयक्तिक लायसन्सची अटच काढून टाकली. कायदा मोडणाऱ्यांची संख्या कायदा पाळणाऱ्यांइतकी झाली की काय होतं, याचं हे स्वच्छ उदाहरण. लोकांनी मोर्चा न काढता, नुसतं वापरून वापरून नियम बदलून घेतला.

आता एक सर्रास केलं जाणारं विधान तपासू. मोबाइल फोन आला आणि सीबी संपला, असं म्हणतात. तारखा जुळत नाहीत. अमेरिकेत पहिली व्यावसायिक सेल्युलर सेवा शिकागोत ऑक्टोबर 1983 मध्ये सुरू झाली, आणि ती सुद्धा श्रीमंतांची चैन होती. सीबीचा बाजार तर 1977-78 मध्येच कोसळला. 40 चॅनल येणार अशी घोषणा 1976 मध्ये झाली, तेव्हापासून 23 चॅनलचे सेट कुणी पूर्ण किमतीत घेईना. गोदामं भरून राहिली. 1 जानेवारी 1978 पासून नवे 23 चॅनलचे सेट विकायला बंदीच आली. नेब्रास्कात लिंकन इथली हाय-गेन ही मोठी कंपनी त्याच सुमारास दिवाळखोरीत गेली. वेगमर्यादेचं कारण संपलं होतं असंही नाही. 55 ची सक्ती 1987 मध्ये थोडी सैल झाली आणि पूर्ण गेली ती 1995 मध्ये.

मग झालं काय? आमच्या मते तोकड्या पल्ल्याचा फायदा गेला. एक तर गर्दी. सीबी चालतो एएम पद्धतीनं. दोघं एकाच चॅनलवर एकाच वेळी बोलले तर दोघांच्या लहरींत जरासा फरक असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिट्टी वाजते, शब्द कुणाचेच नाहीत. दुसरं, आपला आवाज वर यावा म्हणून लोकांनी शेकडो वॅटांचे बेकायदा अँप्लिफायर लावले. 1978 मध्ये एफसीसीला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. आणि तिसरा सूर्य. दर अकरा वर्षांच्या आसपास सूर्यावरचे डाग वाढतात, वातावरणाचा वरचा थर 27 मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवू लागतो आणि चार वॅटांचा आवाज हजार-दोन हजार किलोमीटरवर जाऊन पडतो. असा शिखरकाळ 1979-80 मध्ये आला. टेनेसीतल्या ट्रकवाल्याला पुढच्या पुलाची खबर हवी, आणि त्याच्या कानात न्यू मेक्सिकोतली कुणाची तरी बडबड. हौशी लोकांना याचा आनंद, पण रस्त्यावरच्या माणसाला सेट बंद करावासा वाटणार. ब्रिटननं 2 नोव्हेंबर 1981 ला सीबी कायदेशीर केला तेव्हा एफएम पद्धत निवडली. तिच्यात जवळचा जोरदार आवाज दूरच्याला दाबून टाकतो. अमेरिकेत एफएमला परवानगी मिळायला 2021 उजाडलं.

आता तपासणीकडे परत येऊ, कारण ऐकण्याचा टप्पा उरलाय. सेट चालू केला की आधी नुसती खरखर. स्क्वेल्च नावाचा नॉब हळूहळू फिरवायचा, खरखर जिथे थांबते तिथेच सोडायचा. त्याच्या पुढे नेला तर दूरचे अशक्त आवाज गळून जातात. मग इंजिन सुरू करायचं. खरखरीत टकटक मिसळली आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढली तर दोष प्लगच्या वायरींत किंवा अर्थिंगमध्ये, सेटमध्ये नाही. सुईसारखी बारीक कुईं ऐकू आली तर अल्टरनेटरकडे बघायचं. सेटची वीज थेट बॅटरीवरून घेतली की यातलं बरंच जातं.

शेवटचा टप्पा बोलण्याचा. मीटरवर काटा हलतो, ताकद बाहेर जाते, इतकं यंत्र सांगतं. पण शब्द स्पष्ट जातात का, माइक चोंदलाय का, आवाज फाटतोय का, हे आपल्याच गाडीत बसून कळत नाही. त्यासाठी दुसरं कुणीतरी लागतं. अमेरिकेतल्या महामार्गावर आजही त्याची रीत तीच. 19 वर जायचं, आधी अर्धा मिनिट नुसतं ऐकायचं, चालू बोलणं संपू द्यायचं, मग माइक तोंडापासून चार-पाच बोटं लांब धरून नेहमीच्या आवाजात 'रेडिओ चेक' एवढंच म्हणायचं आणि बटण सोडायचं. उत्तर देणारा अनोळखी असतो. तो आवाज कसा येतोय ते सांगतो, स्वतः कुठल्या मैलाच्या दगडापाशी आहे ते सांगतो, त्यावरून पल्ला कळतो. बरेचदा न विचारता पुढचा वजनकाटा उघडा आहे की बंद, हेही सांगून टाकतो. त्या वजनकाट्याला सीबीवर 'कोंबड्यांचं खुराडं' म्हणतात. उत्तर आलं नाही तर लगेच सेट उघडायचा नाही. गाडी एखाद्या ट्रकथांब्याच्या जवळ न्यायची आणि पुन्हा विचारायचं.